नमुन्याचा निकाल अर्जाशिवाय मिळावा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून तारापूरचे नाव आले; गुणांक 93.69. इथल्या कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात सोडले जाते आणि त्याविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. कोणत्या कारखान्याला किती सांडपाणी सोडण्याची परवानगी आहे, हे संमतिपत्रात असते. पण प्रत्यक्षात काय सोडले गेले, हे सांगतात नमुन्यांचे निकाल, तपासणी अहवाल आणि बजावलेल्या नोटिसा. नवापूर-दांडीच्या मच्छीमाराला गरज आहे ती याच कागदांची. त्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवस थांबा, उत्तर आले नाही तर प्रथम अपील, मग माहिती आयोग. तोवर त्या नमुन्यातले पाणी केव्हाच समुद्राला मिळालेले असते. म्हणून ही माहिती मागण्याची वेळच लोकांवर येऊ नये, असे माझे म्हणणे आहे. कायदाही तेच सांगतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार कार्यालयांनी स्वतःहून इतकी माहिती प्रसिद्ध करायची आहे की लोकांना अर्जाचा आधार कमीत कमी घ्यावा लागेल, आणि तीही स्थानिक भाषेचा विचार करून. जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्याने तर 1974 पासूनच संमतीच्या अटींची नोंदवही संबंधितांना पाहण्यासाठी खुली ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो व्यापारी गुपिताचा. रसायन कसे बनते हे गुपित असू शकते आणि ते जपलेही पाहिजे. पण कुंपणाबाहेर पडलेले पाणी ही कोणाची मालमत्ता नव्हे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देता येतो. कारखानदाराला त्रयस्थ पक्ष म्हणून म्हणणे मांडता येते, मात्र त्याची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. निर्णय जन माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा घातक प्रक्रियांच्या धोक्याची माहिती आसपासच्या वस्तीलाही देण्याचे बंधन कारखानदारावर आले. 11 जानेवारी 2020 रोजी तारापूरच्या एका कारखान्यातल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. अशा परिसरात ते बंधन कागदावर राहून कसे चालेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अर्जाच्या धाकावर पैसे उकळणारे असतात, आणि मोजक्या कर्मचाऱ्यांची कार्यालये अर्जांखाली दबतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खंडणीला भाव येतो तो दडलेल्या कागदामुळे. जो निकाल सगळ्या गावाने वाचला आहे, तो दाखवण्याची धमकी कोण कोणाला देणार? आणि एकदा फलकावर लावलेला कागद पुन्हा पुन्हा शोधून, झेरॉक्स काढून द्यावा लागत नाही. अर्जांवर शब्दमर्यादा घालून हा ताण हटणार नाही. लोकांचे प्रश्न तेवढेच राहतील.

प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि एमआयडीसी यांनी सामायिक केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे निकाल, कारखान्यांवरील नोटिसा आणि त्यांवर झालेली कारवाई दर महिन्याला मराठीत, नवापूर, दांडी आणि बोईसरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.