पोहे, पोट आणि सव्वासहाची जिम

मागच्या महिन्यात ऑफिसात हेल्थ चेकअपचा कॅम्प झाला. आपण एकदम निवांत होतो. वजन 64 किलो, उंची 5 फूट 7 इंच, जीन्सची साइज कॉलेजपासून जवळपास तीच. ('जवळपास' म्हणजे बेल्ट दोन भोकं पुढे सरकलाय, पण शर्ट बाहेर असला की कुणाला दिसतंय?) रिपोर्ट आला आणि सगळा कूलपणा उतरला. एचबीएवनसी 5.9. म्हणजे 5.7 ते 6.4 च्या मधला, डायबेटिसच्या उंबरठ्यावरचा आकडा. बाबांना गेली बारा वर्षं शुगर आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी समजवायची गरज नव्हती. आईने रिपोर्ट वाचला, काही बोलली नाही, आणि साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

'एवढा सडपातळ मुलगा, याला कशी शुगर?' हा सोसायटीतल्या काकूंचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. पण यडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही. आपल्यापैकी बरेच जण वरून बारीक आणि आतून जाडे असतात. तेव्हा मला वजन घटवायचं नव्हतंच. चरबी कमी आणि स्नायू जास्त, असा अदलाबदलीचा मामला होता. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त खेचून घेतात ते स्नायूच.

झालं, जिम लावली. सकाळी सव्वासहाची, कारण 8.20 ला कंपनीची बस. ट्रेनरने पहिल्याच दिवशी फंडा दिला, ''रिकाम्या पोटी यायचं सर, डायरेक्ट फॅट बर्न.'' तिसऱ्या दिवशी स्क्वॉट्सच्या दुसऱ्या सेटला डोळ्यांपुढे अंधारी आली. रात्री साडेआठला जेवलेलो, त्यानंतर पोटात पाण्याशिवाय काही नाही. मला बाकावर बसवून ग्लुकोजचं पाणी पाजलं. शुगर वाढली म्हणून जिमला गेलेल्या माणसाला! घरी येऊन भुकेच्या झपाट्यात पोह्यांच्या दोन डिश संपवल्या, ते वेगळंच.

मग जरा वाचायला बसलो. रिकाम्या पोटी व्यायाम केला की त्या तासात चरबी जास्त जळते, हे खरं आहे. पण शरीर हिशेब दिवसाचा ठेवतं, तासाचा नाही. 2014 साली 20 तरुणींवर एक प्रयोग झाला. चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर कार्डिओ. निम्म्या उपाशीपोटी, निम्म्या खाऊन. दोन्हीकडे डाएट सारखंच मोजून दिलेलं. चरबी दोन्ही गटांत उतरली, फरक म्हणावा असा नाही. प्रयोग छोटा आहे, पण माझी अंधारी वाया गेली एवढं कळायला पुरेसा.

'व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन शेक नाही घेतला तर सगळं फुकट' हेही असंच. 2013 मध्ये या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा वेळेपेक्षा दिवसभराचं एकूण प्रोटीन महत्त्वाचं ठरलं. हां, रात्रीपासून उपाशी असाल तर जिमनंतर फार ताटकळू नका.

आणि ब्रेकफास्ट केल्याने वजन उतरतं? तेरा प्रयोगांचा आढावा 2019 मध्ये 'बीएमजे'त आला, त्यात तसा पुरावा सापडला नाही. सकाळी भूक नसेल तर जबरदस्ती नाही. फक्त अकरा वाजता कॅन्टीनच्या समोशाने त्याची भरपाई करू नका!

आता पोह्यांकडे. मी त्यांच्या विरोधात बोलणार नाही, कोथरूडमध्ये राहायचंय मला. पण एका डिशला 60 ग्रॅम पोहे लागतात, त्यात प्रोटीन जेमतेम चार ग्रॅम. आयसीएमआरच्या हिशेबाने मला दिवसाला साधारण 53 ग्रॅम हवं; वेट्स मारून स्नायू वाढवायचे तर किलोमागे 1.6 ग्रॅम, म्हणजे शंभरच्या आसपास. सुरुवातच चारने केली तर रात्रीपर्यंत शंभर कुठून आणणार? (किडनीचा त्रास असेल तर हा शंभरचा आकडा विसरा, आधी डॉक्टर.) एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. 50 ग्रॅम मटकी भिजवून उसळ केली तर बाराच्या आसपास. आईला म्हटलं, ''पोहे मूठभर आणि मटकी वाटीभर कर.'' ती म्हणाली, ''अरे, त्याला मिसळ म्हणतात.''

तर सध्या असं चाललंय. पावणेसहाला अर्धं केळं आणि बिनसाखरेची कॉफी. साडेसातला दोन उकडलेली अंडी आणि आईची ही बिनतर्रीची, बिनफरसाणाची मिसळ. अंधारी पुन्हा आलेली नाही. रात्री साडेआठला जिमला जाणाऱ्यांनी सहाच्या सुमारास फुटाणे-शेंगदाणे किंवा एखादं मुगाचं धिरडं खावं. पोटभर जेवायचं असेल तर दोन-तीन तास आधी. आणि परत आल्यावर 'आता उशीर झाला' म्हणून जेवण गाळू नये, भाकरी-उसळ किंवा पनीर, चिकन खुशाल खावं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उपाशीपोटी व्यायाम तर नाहीच.

बाबांनी विचारून घेतलं. ते आता नाश्ता झाला की पंधरा मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारतात आणि मटकी माझ्यापेक्षा जास्त वाढून घेतात. माझी पुढची टेस्ट तीन महिन्यांनी. तोवर साखरेचा डबा वरच्याच फळीवर आहे. पाहुणे आले की स्टूल आणावं लागतं.