डेटा सेंटर बांधणारी पोरं आत का नाहीत?

अंधेरी एमआयडीसीत एखादा जुना कारखाना रिकामा झाला की लोक विचारतात, इथे हॉटेल येणार की ऑफिस? मी तिसऱ्याच उत्तरावर पोट भरतो. अशा इमारतीचं डेटा सेंटर करताना वीज आणि कूलिंग बसवून घेणं हे माझं काम.

हा धंदा मुंबईतच का वाढला, ते वर्सोव्याला गेलात की कळतं. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या इंटरनेट केबलांपैकी बऱ्याच तिथे किनाऱ्याला लागतात. अंधेरीत मोकळी जमीन उरलेली नाही, म्हणून जुन्या इमारतींचा शोध.

कारखान्याचा फायदा असा की यंत्रांसाठी घातलेला स्लॅब दणकट आणि छत उंच. सर्व्हरने भरलेली एक रॅक टनभराची असू शकते. बॅटऱ्यांचं वजन वेगळंच. साध्या ऑफिसच्या स्लॅबला ते झेपत नाही. तरीही आधी स्ट्रक्चरल ऑडिट, गरज असेल तिथे कॉलमला जॅकेटिंग, मग गच्चीवर चिलर. आणि अंधेरीत सगळ्यात आधी एकच प्रश्न: २६ जुलैला इथे पाणी कुठवर आलं होतं? २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मिठी नदी मरोळ-साकीनाक्यावरूनच जाते. जनरेटर आणि पॅनल किती उंचीवर चढवायचे, हे त्यावर ठरतं. (हे उत्तर सल्लागारापेक्षा जुना वॉचमन अचूक देतो.)

डक्टिंग, वेल्डिंग, चिलरच्या पाइपांचं इन्सुलेशन, केबल ओढणं. या कामांवर मला जोगेश्वरी, साकीनाका, कुर्ल्याची आपली पोरं भेटतात. हात असा की टेस्टिंगचा इंजिनिअर दुसऱ्यांदा बघत नाही. मग सेंटर चालू होतं, गेटपास जमा होतात, दाराला बायोमेट्रिक लागतं. आत तीन पाळ्यांत जनरेटर, यूपीएस, चिलर सांभाळायला पगारी टेक्निशियन येतात. यंत्रं या पोरांनी बसवलेली, नोकरी दुसऱ्याची.

भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. नाव वाचून बाजूला ठेवलेला अर्ज मी पाहिला आहे. पण बहुतेक वेळा अर्जच नसतो, कारण जोडायला कागद नसतो. ना आयटीआय, ना वायरमनचं लायसन्स, ना अनुभवपत्र. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की मुस्लिम कामगारांत नियमित पगारावर असलेल्यांचं प्रमाण कमी आहे. आपण तो अहवाल आरक्षणाच्या भाषणांत खूप वापरला, साइटवर कधी नेला नाही.

कायदा मात्र हाताशी आहे. ॲप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. म्हणजे ठेकेदाराची माणसं दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत. किती डेटा सेंटरांना आपण हे विचारलं? मशिदीच्या कमिट्या, मोहल्ल्यातल्या संघटना शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात, चांगलंच आहे. त्याच टेबलावर ॲप्रेंटिसची नोंदणीही होऊ शकते. मुलींचीसुद्धा. मॉनिटरिंग रूममध्ये स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुली मी पाहतो, त्यांत आपली क्वचितच असते.

पुढच्या साइटवर माझी ठेकेदाराकडे पहिली मागणी ठरलेली आहे: काम संपताना प्रत्येकाला, त्याने नेमकं काय बसवलं ते लिहिलेलं अनुभवपत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.