साच्यावर नाव लिहिलंय का?

रमजानचे दहा-बारा रोजे झाले की गावातले शिंपी मान हलवू लागतात. कापड पुढे केलं तर हातही लावत नाहीत. "मॅडम, आता ईदनंतरच बघू." 2023च्या एप्रिलमध्ये मलाही हेच ऐकून घरी यावं लागलं. शाळेत वार्षिक परीक्षेची घाई, घरी इफ्तारची घाई आणि पिशवीत मुलीच्या पसंतीचं निळं कापड, साडेतीनशे रुपये मीटरचं.

शिवण मला येतं. अम्मीच्या हाताखाली शिकले, नंतर एका सुट्टीत क्लासही केला. मशीन घरात आहे, साचे आहेत. कागदी साचे म्हणजे ज्याला कुणी फर्मा म्हणतं, क्लासला पेपर पॅटर्न म्हणतात, ते. माझे एका मोठ्या पिशवीत कोंबलेले असायचे. तरावीहनंतर पिशवी उपडी केली. एका गुंडाळीवर पेन्सिलीनं "कमीज" एवढंच लिहिलेलं. छातीला टेप लावून पाहिला, माप मुलीचंच वाटलं. आखलं, कापलं. दुसऱ्या रात्री शिवून तिच्या अंगात घालायला गेले तर कमीज बगलेतच अडकली.

चूक साधी होती. मी स्वतः साचे काढते ते शिवणीची माया धरून काढते. हा साचा माझा नव्हताच. आमच्या आपांनी, म्हणजे मोठ्या नणंदबाईंनी, मागच्या ईदला दिलेला होता आणि त्या माया न धरता, निव्वळ मापाचा साचा काढतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण एका पिशवीत त्या एकत्र झाल्या आणि कागदावर कुणी काही लिहिलं नाही, की कापड वाया गेलंच म्हणून समजा. हिशेब करून पाहा. अर्धा इंच माया, पुढच्या भागाच्या दोन कडा, पाठीच्या दोन कडा, म्हणजे घेरात सरळ दोन इंच कमी. त्यात मुलगी वर्षभरात इंचभर वाढलेली. अंगासरशी सैलपणा म्हणून जे तीन इंच धरले होते ते सगळे तिथेच संपले.

मुलगी काही बोलली नाही. "दुसरी घालीन मी, अम्मी," एवढंच म्हणाली. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. शेवटी तिच्या जुन्या जरीच्या दुपट्ट्याच्या पट्ट्या काढल्या आणि बगलेपासून घेरापर्यंत दोन्ही बाजूंना बसवल्या. बाहीच्या खालच्या शिवणीतही तीच पट्टी घातली. ईदगाहवरून परतलेल्या पाहुण्यांना ती नवी फॅशन वाटली. आम्ही दोघींनी कुणाला खरं सांगितलं नाही. आज इथे सांगते आहे.

ईदनंतरच्या सुट्टीत मी ती पिशवी घेऊन बसले. घर आवरण्याच्या लेखांत डबे, कप्पे, रंगीत चिठ्ठ्या यांबद्दल बरंच असतं. माझं मत विचाराल तर डबा कोणता घ्यायचा हा नंतरचा प्रश्न. आधी पेन घ्या. साच्याच्या प्रत्येक तुकड्यावर, प्रत्येक म्हणजे बाहीवर आणि गळ्याच्या पट्टीवरसुद्धा, काय लिहायचं ते ठरवा. मी हे लिहिते: कपडा कोणता, कुणाचा, महिना आणि वर्ष. छाती किती, तयार उंची किती. माया धरली आहे की नाही, धरली असेल तर किती. हा तुकडा किती नग कापायचा, आणि कापडाच्या दुमडीवर ठेवायचा असेल तर त्या कडेला "दुमड". उभ्या धाग्याचा बाण. शेवटी "पाचपैकी दुसरा" असा आकडा, म्हणजे एखादा तुकडा हरवला तर कापायच्या आधी कळतं.

पुढचा भाग आणि पाठ हे तर लिहायलाच हवं. पुढचा मुंढा पाठीपेक्षा जास्त खोल असतो हे शिकताना आपल्याला पाठ असतं, पण रात्री अकरा वाजता कागद हातात घेतला की दोन्ही सारखेच दिसतात. बाहीचंही तेच. पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन, एवढी खूण केली तरी बाही उलटी लागत नाही.

गंमत म्हणजे विकत मिळणारे साचेही सुरुवातीला असेच मुके होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी साचे विकायला काढले. पातळ कागद, घडी घालून पाकिटात. त्या कागदावर छपाई नसायची. नुसती भोकं आणि खाचा, त्यांचा अर्थ घेणारीनं लावायचा. ओळी आणि सूचना कागदावरच छापलेल्या साच्यांना विसावं शतक उजाडावं लागलं. आपण घरी पेननं दोन ओळी लिहितो, तेव्हा निदान त्या भोकांच्या पुढे गेलेलो असतो.

आता कागद. वर्तमानपत्र फुकट असतं म्हणून सगळ्या तेच वापरतात. पण त्याची शाई पांढऱ्या कापडाला लागते, दोन वर्षांत तो पिवळा पडून घडीवर तुटतो. अम्मीचा आणखी एक नियम होता. उर्दू अखबारावर ती कात्री चालवायची नाही. एखाद्या कोपऱ्यात आयत असायची, अल्लाहचं नाव असायचं. ते कापलं जाईल, जमिनीवर पडेल, पायाखाली येईल. ते अखबार ती वेगळे ठेवायची आणि साच्यासाठी दुकानातून खाकी कागद आणायची. मी अजून तेच करते. पुस्तकांना कव्हर घालतो तो खाकी कागद साच्याला उत्तम. गळ्याचे आकार, कॉलर, खिसा असे वारंवार लागणारे छोटे तुकडे जुन्या कॅलेंडरच्या जाड पानावर किंवा पुठ्ठ्यावर काढावेत. कॅलेंडरही आधी उलटून पाहावं, त्यावर काय छापलंय ते.

आणि मूळ साच्याला कात्री लावू नये. गळा मोठा करायचाय, कळ्या घालायच्यात, तर त्यावर दुसरा कागद ठेवून नक्कल काढा आणि जे करायचं ते नकलेवर करा. मूळ साचा एकदा कापला की अंदाजानं पुन्हा जोडता येत नाही.

ठेवायचं कुठे? मला सापडलेलं सगळ्यात चांगलं पाकीट म्हणजे एक्स-रेचं. प्रत्येक घरात ती दोन-चार पडलेली असतात, मोठी आणि मजबूत. एका पाकिटात एक कपडा. वरच्या बाजूला, उभं ठेवल्यावर दिसेल असं, नाव आणि माप. त्याखाली कापड किती लागलं तेही: "44 इंची पन्हा, सव्वादोन मीटर." दुकानात उभं राहून डोकं खाजवायला लागत नाही. अबाया किंवा मोठ्या घेराच्या फ्रॉकचे तुकडे पाकिटात मावत नाहीत, घड्याही नकोत. ते कापडाच्या दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावेत आणि कातरणीतून निघालेल्या पट्टीनं बांधावेत. रबर लावू नका, ते वितळून कागदाला चिकटतं. टाचण्या तर आठवणीनं काढा. आमच्या चिपळूणच्या हवेत टाचणी एका पावसाळ्यात गंजते आणि तिचा डाग पुढच्या कापडावर उतरतो.

चिपळूणचं नाव निघालंच आहे तर पाण्याचंही सांगायला हवं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा अम्मीची शिवणाची पेटी खाली, पलंगाखाली होती. अम्मी त्याआधीच गेलेली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत खाकी चिखल. बोट लावलं की कागद सुटत होता. मोहल्ल्यातल्या किती मुलींचे निकाहचे जोडे त्या कागदांवरून कापले गेले होते! आम्ही बहिणींनी तो लगदा घमेल्यात भरून बाहेर नेऊन टाकला. मशीनचं तेलपाणी करता आलं, कागदांचं काहीच करता आलं नाही.

तेव्हापासून माझी पाकिटं चेन असलेल्या साडी-कव्हरमध्ये, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतात. कव्हरमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकते, कसर लागत नाही. पावसाळा संपल्यावर एकदा सगळं सावलीत पसरून ठेवते. शिवाय प्रत्येक साच्याचा मोबाइलवर फोटो, शेजारी टेप पसरून. फोटोवरून कापता येत नाही हे खरं, पण मापं वाचून साचा पुन्हा आखता येतो.

सगळंच ठेवायचं का? नाही. मोठ्यांचे साचे नावानं ठेवा, लहान मुलांचे मापानं. "आठ वर्षांची फ्रॉक" या शब्दांना काही अर्थ नाही. माझ्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोघी मैत्रिणी आहेत, एकीला 26 नंबरचा गणवेश लागतो, दुसरीला 32. तेव्हा छाती 24, 26, 28 अशी पाकिटं करा. मोठीचं धाकटीला येतं, धाकटीचं भाचीला जातं. ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही आणि मोजूनही कळत नाही, ते रद्दीत द्या. मी त्या सुट्टीत अर्धी पिशवी दिली.

एक गुंडाळी मात्र मला देववली नाही. मागच्या वर्षी माळा आवरताना अब्बांच्या जुन्या शेरवानीच्या घडीत ती मिळाली. माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचलेली. अम्मीच्या हातचे चार कागद: एक लांबलचक आयत, एक निमुळती कळी, एक सरळ चौकोनी बाही आणि हाताच्या पंजाएवढा एक चौरस. एकाही कागदावर अक्षर नाही. अम्मीला लिहिण्याची गरजच नव्हती, सगळं तिच्या डोक्यात. लांब आयत म्हणजे कुर्त्याचा पल्ला असणार हे कळलं. चौरस मी खिसा समजले. पण मग मुंढा कुठे गेला, ते कळेना.

शेवटी सगळं घेऊन मोठ्या खालांकडे गेले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, नजर कमी झालीय. कागद त्यांनी बोटांनी चाचपले आणि हसायला लागल्या. "अगं बेटा, हा खिसा नव्हे, चौबगला. तुझ्या बाबांचा कलीदार कुर्ता आहे हा." या कुर्त्याला मुंढा कापतच नाहीत. बाही पल्ल्याला सरळ लागते, खाली कळ्या लागतात आणि बाही, पल्ला, कळी जिथे भेटतात तिथे बगलेत हा चौरस तिरपा बसतो. त्यामुळे हात वर नेला तरी कुर्ता ओढला जात नाही, सिजद्यात पाठीवर ताण येत नाही. "तुझ्या मुलीच्या कमीजला पट्ट्या कशाला लावल्यास? बाहीला हाच लावायचास," खाला म्हणाल्या. म्हणजे ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती तर.

परत आल्यावर मुलीनं अम्मीचे चारही कागद नव्या खाकी कागदावर उतरवून घेतले. बाबांचं माप, खालांनी सांगितलेली जोडणी, माया अर्धा इंच, सगळं लिहिलं. मराठीत लिहिलं आणि खाली उर्दूतही, कारण माझ्या भाच्या उर्दू शाळेत आहेत. लहानशा चौरसावर जागा कमी होती. तिथे तिनं बारीक अक्षरात लिहिलंय: "चौबगला, 2 नग. अम्मी, खिसा नव्हे."