गाडी एक, देश अनेक. नियमांचा हिशेब ठेवणार कोण?

बांद्याहून पत्रादेवीला जाताना आज सीमा ओलांडल्याचे जाणवतही नाही. १९६१ पर्यंत मात्र ही आंतरराष्ट्रीय सीमा होती. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तरी गोव्यात ती डावीकडूनच राहिली. कारण शेजारच्या ब्रिटिश मुलखात वाहने डावीकडून धावत होती. गाडीचा नियम सीमेवर कसा ठरतो, याचे हे घराजवळचे उदाहरण. आज चाकणमधून गाड्या निर्यात करणाऱ्या कंपन्यांपुढे अशा कितीतरी सीमा आहेत. त्यांचा हिशेब ठेवण्यासाठी आता खास सॉफ्टवेअर तयार केली जातात.

एकाच गाडीला वेगवेगळे नियम का?

हेडलाइटचेच पाहा. आपल्याकडे लो बीमचा झोत रस्त्याच्या डाव्या कडेला लांब पडतो, म्हणजे समोरच्या चालकाचे डोळे दिपत नाहीत. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशात हाच झोत उलटा लागतो. चाकणमध्ये बनलेली फोक्सवॅगन व्हेन्टो मेक्सिकोला जात असे, ती डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसह. ब्रेक, आरसे, सीटबेल्ट, धूर, बॅटरी अशा प्रत्येक भागाचे नियम देशागणिक बदलू शकतात.

हे नियम ठरवते कोण?

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जीनिव्हात ‘डब्ल्यूपी २९’ हा मंच काम करतो. १९५८ च्या करारातील देश एकमेकांनी दिलेली मान्यता स्वीकारतात. भारत त्या करारात नाही. तो २००६ पासून १९९८ च्या करारात आहे. युरोपात विक्रीपूर्वी सरकारी मान्यता लागते, तर अमेरिकेत उत्पादक स्वतःच हमी देतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांकडून चाचणी होते.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

नियमातील प्रत्येक कलम सुटे करून ते गाडीच्या संबंधित भागाशी जोडते. त्या भागाचे ड्रॉइंग, चाचणीचा अहवाल आणि पुरवठादाराचे प्रमाणपत्र त्याच कलमापाशी ठेवते. कलम बदलले, की कोणत्या देशातील कोणत्या मॉडेलवर कधीपासून परिणाम होणार आणि कोणाला कळवायचे, हे दाखवते.

चूक महागात पडते. सायबर सुरक्षेचा ‘आर १५५’ हा नियम जुलै २०२४ पासून युरोपात सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. जुन्या इलेक्ट्रॉनिक रचनेत तो बसवणे परवडणारे नसल्याने पोर्शेने पेट्रोलवरील मकानची विक्री युरोपीय संघात थांबवली.

मग प्रश्न सुटला का?

नाही. सॉफ्टवेअर कागद जुळवते, कागद खरा आहे का ते सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जपानच्या दाइहात्सूच्या ६४ मॉडेलच्या चाचण्यांत गैरप्रकार आढळले. वेळापत्रकाच्या अतिरेकी दबावाकडे चौकशी समितीने बोट दाखवले. पडद्यावरच्या हिरव्या खुणेमागे जबाबदार माणूस हवाच.

दुसरी अडचण आपल्या घरची आहे. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटण्याच्या घटनांनंतर बॅटरीचे ‘एआयएस १५६’ हे मानक कडक झाले. ऑगस्टमध्ये सुधारणा आली, ती १ ऑक्टोबरपासून लागू होणार होती. सप्टेंबरअखेर ठरले, की अंमलबजावणी दोन टप्प्यांत होईल: १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. ही मानके मोफत मिळतात, पण पीडीएफच्या रूपात. मूळ मानक एका फाइलमध्ये, सुधारणा दुसरीत, तारीख तिसऱ्या आदेशात. मोठी कंपनी यासाठी सॉफ्टवेअर आणि स्वतंत्र विभाग ठेवते. बॅटरीचे सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक मात्र फायली उघडून ओळी ताडून पाहतो, आणि एखादी सुटते.

म्हणून नियम समजून घेण्याचा सारा भार खासगी सॉफ्टवेअरवर टाकणे योग्य नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रत्येक मानक संगणकाला थेट वाचता येईल अशा स्वरूपातही प्रसिद्ध करावे. कलमाला कायमचा क्रमांक, लागू होण्याची तारीख, कोणत्या वाहनाला लागू आणि आधी काय होते, एवढी माहिती पुरेशी आहे. मग पुण्यातील मोठी कंपनी असो की कुडाळच्या एमआयडीसीतील छोटे युनिट, दोघांनाही एकाच दिवशी एकच नियम दिसेल.

हे केवळ कंपन्यांच्या सोयीसाठी नको. बांद्यातल्या घराच्या पडवीत रात्रभर चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी जुन्या नियमाने बनली की नव्या, हे तिच्या मालकाला कळायचा मार्ग नाही. त्याची सुरक्षितता कोणाच्या तरी फोल्डरमध्ये न उघडलेल्या पीडीएफवर अवलंबून राहू नये.