जकात दिली, मजुरी राहिली

रमजान आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिच्या अडीच टक्के रक्कम गरजूंना द्यायची. ईदच्या नमाजपूर्वी फित्राही द्यायचा. पण या हिशेबात एक रकाना अनेकदा कोराच राहतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा थकलेला पगार, शिंप्याची अडवलेली शिलाई, बहिणीला कुरआनने दिलेला पण भावांनी न दिलेला वारसाहक्क. ही देणी कोण लिहितो?

इस्लामने हक्कांचे दोन भाग केले आहेत. नमाज, रोजा हे अल्लाहचे हक्क. माणसाचे माणसावर असलेले हक्क म्हणजे हुकूकुल इबाद. पहिल्यात कसूर झाली तर तौबा करता येते. दुसऱ्यात नुसती तौबा पुरत नाही. ज्याचे घेतले त्याला परत द्यावे लागते, नाहीतर त्याच्याकडूनच माफी मिळवावी लागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? ज्याच्याकडे पैसाअडका नाही तो, असे उत्तर आले. प्रेषितांनी सांगितलेला दिवाळखोर वेगळा होता. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सारे घेऊन येतो. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असते, कुणाचा माल खाल्लेला असतो. त्याचे पुण्य त्या पीडितांना वाटले जाते. ते संपले की त्यांची पापे याच्या माथी येतात.

हा न्याय फक्त आपल्या माणसांपुरता आहे काय? उत्तर प्रेषितत्वापूर्वीच्या मक्केत सापडते. येमेनमधील जबीद गावच्या एका व्यापाऱ्याचा माल आस बिन वाइल या बड्या सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. परक्याची बाजू कोण घेणार? तो काबाजवळच्या अबू कुबैस टेकडीवर चढला आणि त्याने जाहीर दाद मागितली. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोक जमले. पीडित मक्केचा असो वा बाहेरचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहायचे, अशी शपथ त्यांनी घेतली आणि व्यापाऱ्याला न्याय मिळवून दिला. हाच हिल्फुल फुजूल करार. तरुण मुहम्मद (स.) तेथे हजर होते. पुढे प्रेषित झाल्यावरही, आज अशा करारासाठी कुणी बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितले. करार करणारे तेव्हा मुस्लिम नव्हते, तरीही.

म्हणूनच मजुराची मजुरी घाम सुकण्यापूर्वी देण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. ती देताना मजुराचा धर्म विचारायचा नसतो. ती जकातीत धरूनही चालत नाही. जकात गरजूचा हक्क आहे आणि मजुरी कष्टाचा मोबदला. इफ्तारच्या दस्तरखानावर दहा पदार्थ आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचा पगार पुढच्या महिन्यावर, हे रमजानला शोभत नाही.

ईदला अजून अवकाश आहे. जकातीच्या वहीत आधी देणी लिहावीत, मग दान.