निदान कळेल असे तरी सांगा!

माझी मोठी आई कुडव्याची, रोवणीला जाणारी बाई. मागच्या वर्षी छातीत दुखते म्हणून शहरातील एका दवाखान्यात तिची मॅमोग्राफी झाली. "गाठ नाही, जा," एवढे ऐकून ती परतली. इंग्रजी रिपोर्ट लोखंडी पेटीत सातबाराशेजारी जाऊन पडला. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दिवाळीत पेटी आवरताना मी तो वाचला. त्यात 'डेन्स' असा शब्द होता आणि सोनोग्राफी करावी अशी सूचनाही होती. सहा महिने ती तिला कोणी सांगितलीच नव्हती!

दाट स्तन हा आजार नव्हे. चाळिशीपुढील जवळजवळ निम्म्या स्त्रियांत चरबी कमी आणि ग्रंथी व तंतू अधिक असतात. क्ष-किरणांच्या चित्रात हा भाग पांढरा दिसतो आणि कर्करोगाची गाठही पांढरीच! सुपातल्या तांदळात पांढरा खडा शोधावा तसे ते. शिवाय दाटपणामुळे धोकाही काहीसा वाढतो. हा दाटपणा हाताला कळत नाही, तो रिपोर्टातच कळतो. म्हणूनच अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून ही गोष्ट प्रत्येक स्त्रीला सोप्या भाषेत कळविणे बंधनकारक झाले आहे.

कोणी म्हणेल, जिथे पहिल्या तपासणीचीच मारामार, तिथे दुसरीची चैन कशाला? आक्षेप खोटा नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित महिलांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी केली. तेथे पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा गावोगाव आधी हेच व्हावे. पण झालेल्या तपासणीचा अर्थ सांगायला कोणते यंत्र लागते? सोनोग्राफीत कधी फुकाची भीतीही पदरी पडते, हे मान्य. तरी करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून त्या बाईनेच ठरवावे. त्यासाठी आधी तिला कळले तर पाहिजे!

मोठ्या आईच्या सोनोग्राफीत काही निघाले नाही. ते तिचे नशीब. त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एक सायंकाळ पेट्यांतले रिपोर्ट वाचून दाखवू या. रोगनिदान आपले काम नव्हे. पण "पुढची तपासणी सांगितली आहे, मावशी," एवढे मराठीत सांगायला पदवी हाती येण्याची वाट कशाला पाहायची?

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष