पडद्यामागचा हात



"भाऊ, दोन दिवस सुट्टी आहे. एखादी चांगली मालिका सांगा. रडकी नको, सासू-सुनेची नको. अंगावर काटा येईल, डोळ्याला डोळा लागणार नाही अशी सांगा." आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने गेल्या महिन्यात आम्हांला अशी गळ घातली. आम्ही निवेदने लिहिणारे, सभेच्या सतरंज्या अंथरणारे माणूस. आम्हांला मालिकेतले काय कळणार, असे त्यांना वाटले नाही याचा आनंदच झाला. कारण खरे सांगायचे तर आम्हांला अशा काळोख्या मालिका फार आवडतात. दिवसभर फायली उपसून घरी आल्यावर, जेवणे आटोपल्यावर, 'आता पुढे काय होणार' म्हणून जीव टांगणीला लागण्यात एक सुख आहे. ते लपविण्याचे कारण नाही. तेव्हा आजचे सदर या विषयाला. मालिकांची नावे सांगणारच आहोत, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

आमचे पिंगुळी हे कुडाळजवळचे गाव. येथील ठाकर आदिवासी कलावंतांची चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ दूरवर प्रसिद्ध आहेत. त्यांतील एक ज्येष्ठ कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. टीव्ही घरोघरी नव्हता तेव्हा हीच आमच्या भागाची मालिका. पोथीतले एकेक चित्र पुढे धरायचे, कथा गाऊन सांगायची, आणि लोकांनी पुढचे चित्र कधी निघते याची वाट पाहायची. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तर काळोखातलाच. पांढरा पडदा, मागे दिवा आणि पडद्यावर राक्षसाची हलती सावली. लहानपणी ती सावली दिसली की आम्ही आईच्या पदरात तोंड लपवीत असू. एकदा वडील आम्हांला हाताला धरून पडद्यामागे घेऊन गेले. तेथे दिवा होता, चामड्याचा कातरलेला तुकडा होता आणि तो नाचविणारा एका माणसाचा हात होता. "बगलंस मा? आता कोणाक भितलंस?" असे म्हणून वडील हसले. त्यानंतरही खेळाची मजा तेवढीच राहिली. रात्री एकट्याने बाहेर जायची भीती मात्र गेली.

आता कबुली. 22 फेब्रुवारी 2016 पासून झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात, सावंतवाडीच्या वाटेवरील आकेरी गावातल्या जुन्या वाड्यात. अण्णा नाईकांचा मृत्यू, क्रियाकर्मासाठी जमलेले कुटुंब, जमिनीची भांडणे आणि रात्री-अपरात्री घडणारे भलते प्रकार असा तो सगळा मामला. आपली मालवणी बोली मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली, याचे कौतुक होते. विसराळू पांडू सर्वांचा लाडका झाला. ते काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. पण मालिका सुरू होताच जिल्ह्यात तिच्याविरुद्ध आवाजही उठला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, मालिका बंद करा, अशी मागणी झाली. आम्हीही एका निवेदनावर सही केली आणि त्याच रात्री साडेदहाच्या ठोक्याला टीव्ही लावून बसलो!

आमच्या वाडीतले एक कुटुंब तेव्हा रोज रात्री आमच्याकडे मालिका पाहायला येई. त्यांचा टीव्ही बिघडलेला होता. मुलगा गवंड्याच्या हाताखाली कामाला, सून नुकतीच बाळंत झालेली. पुढे सूनबाई येईनाशा झाल्या. रात्र-रात्र झोप नाही, एकटीच पुटपुटत बसायची, पोराला जवळ घेईना. सासूबाईंनी निदान करून टाकले, "शिरेलीत दाखवतत ना, तसाच झाला हा ह्या." मग देवस्की आली. शेजारच्या गावच्या भगताने बाधा सांगितली. सहा हजार रुपये आणि कोंबडा गेला. त्या अशक्त बाईला मिरच्यांची धुरी दिली. दोन महिने हा प्रकार चालला. आमच्या भिंतीपलीकडे चालला आणि आम्हांला पत्ता नव्हता. पोर अंगाने झडले तेव्हा महिला मंडळाच्या दोन बाया पुढे झाल्या आणि आम्ही सर्वांनी मिळून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले, "बाळंतपणानंतर काही बायकांना हा मनाचा आजार होतो. औषधाने बरा होतो." आणि तो झाला. आज त्याच बाई बचत गटाचा हिशेब लिहितात आणि पोर शाळेत जाते.

दोष कोणाचा? मालिकेवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. भगत तर मालिकेच्या आधीपासून होते. पण ती माणसे आमच्या घरात, आमच्या टीव्हीसमोर बसत होती. भाग संपला की आम्ही "चला, झोपा आता" म्हणून दिवा मालवीत होतो. वडिलांनी आम्हांला पडद्यामागे नेले होते. आम्ही शेजाऱ्यांना नेले नाही. ही आमची चूक.

तेव्हापासून आम्ही काळोखी मालिका एकाच मापाने मोजतो. ती किती घाबरविते हे नव्हे, तर भीती दाखवून झाल्यावर ती पडद्यामागचा हात दाखविते की नाही, हे आम्ही पाहतो. या मापात उतरलेल्या पाच मालिका पुढे देत आहोत. शेवट कोणत्याही मालिकेचा सांगणार नाही, निर्धास्त असा.

पहिली, 'रात्रीस खेळ चाले'चाच दुसरा भाग. हा जानेवारी 2019 मध्ये आला. यात काळ मागे नेला आहे आणि अण्णा जिवंत आहेत. माधव अभ्यंकर यांनी अण्णा, अपूर्वा नेमळेकर यांनी शेवंता आणि शकुंतला नरे यांनी माई अशी उभी केली आहे की पाहत राहावे. येथे भुताची भीती कमी आणि माणसाची जास्त. गावात ज्याच्यापुढे मान वर करायची सोय नाही, ज्याची नजर परक्याच्या जमिनीवर आणि परक्याच्या बायकोवर, असा माणूस घरात असला की वाड्याला भुताची गरज काय? माईंचे गप्प सोसणे पाहताना आमच्या घरातील बायका आपसांत पुष्कळ काही बोलल्या, एवढेच सांगतो. तिसऱ्या भागात, 2021 मध्ये, पुन्हा भुतांचा कारभार आला. तो आम्ही अर्ध्यावर सोडला.

दुसरी, 'देवमाणूस'. ऑगस्ट 2020 अखेर झी मराठीवर सुरू झाली. गावात एक डॉक्टर येतो, गोड बोलतो, अडल्या-नडल्याला धावतो, सगळे गाव त्याला देव मानते आणि माणसे एकेक करून नाहीशी होतात. किरण गायकवाड यांचे काम अंगावर येते. सातारा जिल्ह्यात वाईजवळ 2016 साली एका तथाकथित डॉक्टरवर अनेक खुनांचे आरोप झाले, त्या प्रकरणाची या मालिकेला पार्श्वभूमी आहे. मधले पुष्कळ भाग ताणलेले आहेत, ते सोसावे लागतात. पण एक गोष्ट मनात पक्की बसते. गळ्यात नळी अडकविली म्हणजे डॉक्टर होत नाही. दवाखान्यात नोंदणी क्रमांकाची पाटी असते, ती वाचावी. नसेल तर विचारावे. विचारणे म्हणजे अपमान नव्हे.

तिसरी, 'दहाड'. ही 2023 ची हिंदी मालिका, आठ भागांची, प्राइम व्हिडिओवर. रीमा कागती आणि रुचिका ओबेरॉय यांचे दिग्दर्शन. राजस्थानात सार्वजनिक शौचालयांत एकामागून एक तरुण मुली मेलेल्या सापडतात. दाराला आतून कडी, म्हणून सगळे म्हणतात आत्महत्या. तपास करणारी फौजदार अंजली भाटी ही वंचित जातीतली. सोनाक्षी सिन्हाने तिचे काम केले आहे. ती जवळून गेली की ठाण्यातला एक शिपाई उदबत्ती लावतो! वर्दी अंगावर असूनही हे घडते. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना ही उदबत्ती कशाची, हे समजावून सांगावे लागणार नाही.

या कथेशी मिळतेजुळते प्रकरण प्रत्यक्षात आपल्याच किनाऱ्यावर, खाली दक्षिण कन्नड जिल्ह्यात घडले आहे. 'सायनाइड मोहन' म्हणून ओळखला गेलेला तो गुन्हेगार प्राथमिक शिक्षक होता. 2003 ते 2009 या काळात सुमारे 20 स्त्रियांचे बळी गेले. हुंडा न घेता लग्न करतो असे म्हणून तो गरीब घरच्या मुलींना नेई आणि गोळी म्हणून सायनाइड देई. बस स्थानकाच्या शौचालयात मुलगी मरे. इतकी वर्षे हे चालले कसे? मुलगी बेपत्ता झाली की 'पळून गेली' म्हणत आणि अब्रू जाईल म्हणून घरचे गप्प बसत. हुंडा मागणारे आणि अब्रूपायी तोंड न उघडणारे, असे दोन हात त्या खुन्याच्या हातामागे होते. 'दहाड' हे दोन्ही हात दाखविते.

चौथी, 'पाताल लोक'. पहिला भाग मे 2020 चा, दुसरा जानेवारी 2025 चा, तोही प्राइम व्हिडिओवर. सुदीप शर्मा यांची निर्मिती. पहिल्या भागाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक अविनाश अरुण, म्हणजे मराठीतल्या 'किल्ला' चित्रपटाचे दिग्दर्शक. दिल्लीतल्या एका दुर्लक्षित ठाण्याचा थकलेला अधिकारी हाथीराम चौधरी, हे जयदीप अहलावत यांचे काम. एका मोठ्या पत्रकाराच्या खुनाचा कट केला म्हणून चौघांना पकडतात आणि तपास सोपा वाटतो. मग हाथीराम एकेकाच्या गावी जातो. कोणाच्या घरावर जातीचा सूड उगवलेला, कोणाचे बालपण रस्त्यावर चुरगळलेले. गुन्हेगाराला माफ करा असे मालिका म्हणत नाही. तो जन्मतः राक्षस नव्हता, एवढेच दाखविते. शिव्या आणि रक्तपात मात्र भरपूर आहे, मुलांसमोर मुळीच लावू नये.

पाचवी जुनी आहे, पण आमच्या मते सर्वांच्या वर. 'तमस', दूरदर्शन, 1988. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली. काळ फाळणीचा. नत्थू हा कातडी कमावणारा गरीब माणूस, काम ओम पुरी यांचे. डॉक्टरसाहेबांना हवे आहे असे सांगून त्याच्याकडून एक डुक्कर मारून घेतात. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. त्या प्रक्षेपणाविरुद्ध लोक न्यायालयात गेले होते, पण शेवटी उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते चालू राहू दिले. आम्ही ती मोठेपणी पाहिली. भूत नाही, गूढ संगीत नाही. पण ज्याच्या हातून सुरी चालली तो आणि ज्याने चालवायला लावली तो, हे दोघे वेगळे असतात, हे कळल्यावर आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. दंगलीची अफवा कानावर आली की आम्हांला आजही नत्थू आठवतो.

आता दोन-तीन गोष्टी घरासाठी. मालिका लावताना कोपऱ्यात वयाचा आकडा दिसतो, तो पाहावा. 2021 च्या नियमांनी ऑनलाइन मालिकांना तो देणे बंधनकारक केले आहे. मुलांसाठी कुलूप लावण्याची सोयही त्यात आहे, ती कशी लावायची हे मुलांनाच न विचारता शेजाऱ्याला विचारावे! दुसरे, भाग संपल्यावर लगेच दिवा मालवू नये. दहा मिनिटे बोलावे. हे कोणी केले, कशासाठी केले, फायदा कोणाचा झाला, हे विचारावे. लहान मूल असेल तर त्यालाही विचारावे. तिसरे, घरात कोणाची झोप उडाली, कोणी एकटे पुटपुटू लागले, तर भगताकडे धावण्याआधी दवाखान्यात जावे. 14416 या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, तेथे मनाच्या आजाराविषयी फोनवर सल्ला मिळतो. आणि बाधा उतरवितो म्हणून कोणी मारझोड केली, धुरी दिली, तर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात हे नाव घेऊन तक्रार द्यावी.

कचेरीतील आमच्या सहकाऱ्यांनी यांपैकी 'दहाड' निवडली. सुट्टी संपवून सोमवारी आले ते लाल डोळ्यांनी. आम्ही विचारले, "कशी वाटली?" ते मालिकेविषयी काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "भाऊ, आमच्या मंडळींनी काल रात्री टीव्ही बंद करून मुलीला जवळ बसविले. तिला म्हणाली, बाई, तुझे कुठे काही चुकले, कोणी फसविले, तरी आधी घरी ये. लोक काय म्हणतील ते आम्ही बघून घेऊ. आणि तू नाही आलीस, तर त्याच दिवशी मी पोलिसात जाईन, लाजणार नाही."

मुलगी काय म्हणाली, असे आम्ही विचारले. "काही नाही," ते म्हणाले. "आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली."

जयभीम.